फिरती खुर्ची

हौसाबाईच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे कोणी कोणाला भोळं समजायला नको. एक फिरती खुर्ची, काळी, पाठीला जाळी असलेली. गळ्यात अडकवायचं कार्ड, त्यावर फोटो. प्रत्येक पाकिटावरच्या पट्टीवर तिचं एकटीचं नाव: 'निवड: हौसाबाई, पाली'. आणि सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे उजव्या हाताला बसणाऱ्या गिरिजाचं नाक मुरडणं उरलेल्या जन्मात बघायला लागणार नव्हतं. रोजाचा पैसा मात्र होता तेवढाच राहणार होता. पैशासाठी केलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

आता ही निवड म्हणजे काय ते. भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या ह्या पालीत बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उंच मांडवावर, वाळत घालतात. वाळले की उतरवून जुड्या बांधायच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये आणायच्या. तिथं जुडीची प्रत ठरते, पहिली की दुसरी. पहिलीला भाव बरा. रंग, वास, मोडताना येणारा आवाज, सगळं एका नजरेत आणि एका चिमटीत बघायचं. हे काम हौसाबाई, गिरिजा आणि संजना या तिघी करायच्या, सतरंजीवर बसून, प्रत्येकीपुढे एक शिंपली ठेवून.

जुडी तिघींच्या हातातून फिरायची. मग प्रत्येकीनं आपली शिंपली तळव्याखाली लपवून ठेवायची: उताणी म्हणजे पहिली प्रत, पालथी म्हणजे दुसरी. "उघड!" म्हटलं की तिघींनी एकदम हात उचलायचे. दोन शिंपल्या जिथं, तिथं जुडी. एकटी निघालेली शिंपली 'पडली', आणि जिची पडली तिनं पुढच्या जुडीपर्यंत टोमणे ऐकायचे.

"डोल्यात वालू गेली काय गो?"

"माझ्या डोल्यात वालू, तुझ्या डोक्यात."

दुसरीची शिंपली आधी बघायची नाही, हा एक नियम. जुडी आपल्या घरची निघाली तर त्या बाईनं पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचं आणि शेडमध्ये असेल त्या दुसऱ्या बाईनं तेवढ्यापुरतं तिथं बसायचं, हा दुसरा. हे कोणी ठरवलं ते विचारू नका. पालीत असला शोध घ्यायला एकच माणूस मोकळा आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आत्माराम, आणि तो दुसरे काय म्हणतात ते बघितल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही.

तर गेल्या नोव्हेंबरात शेडमध्ये मितेश आला. वडील वेरावळकडचे, सुक्या मासळीचे जुने व्यापारी. हा भाईंदरला वाढलेला आणि एका वाक्यात चार भाषा बोलणारा. वडील माल गोणीनं न्यायचे. ह्याला पाकिटं करायची होती, काचेसारखी खिडकी असलेली, घरपोच जाणारी. सोसायटीचा सगळा माल तो उचलणार म्हटल्यावर आत्माराम त्याच्या पुढं चालावं की मागं, ह्याच चिंतेत असायचा.

मितेशनं सतरंजीकडे बघितलं. "तीन जणी? एक काम के लिए? मासी, एक निवडते आणि बाकीच्या दोघी काय टाळ्या वाजवतात?"

"टाल्या न्हाय, भांडतात," संजना म्हणाली आणि तिघी हसल्या.

मितेश हसला नाही. आठवडाभर तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फोनमध्ये नोंद करत राहिला. दोनशे दहा जुड्या झाल्या. संजनाची शिंपली तेवीस वेळा पडली, गिरिजाची एकोणीस वेळा, हौसाबाईची सहा. शनिवारी त्यानं फोन सगळ्यांपुढे धरला. "देखो. मी नाही बोलत, डेटा बोलतोय. हौसामासी टॉप आहे. मग बेस्ट माणूस असताना बाकीच्यांचं मत घ्यायचं कशाला?"

ह्या जागी जरा थांबू, कारण पुढचा सगळा व्यवहार इथंच ठरला. चाळीस वर्षं शिंपली उचलणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं का, की आठवडे फिरत असतात? एखाद्या आठवड्यात हिची जास्त पडते, एखाद्यात तिची. आदल्याच आठवड्यात हौसाबाईची इतकी पडली होती की गिरिजानं तिला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला होता. हे सगळं हौसाबाईच्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात टेम्पोतून खुर्ची उतरली, आणि मितेशनं ती बोटानं एकदा गर्रकन फिरवून दाखवली.

गिरिजानं आपली शिंपली पदराला बांधली. "बस बाय. फिरती हाय. तोंड कवा कुठं होईल तेवडं सांभाल."

संजना काही बोलली नाही. तिला दोन मुलं होती आणि बोलून काय मिळतं ह्याचा तिला अंदाज होता. सोमवारपासून ती मीरा रोडच्या शांती नगरातल्या साड्यांच्या दुकानात उभी राहायला लागली. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडायची, गिऱ्हाईक गेलं की घडी घालायची.

हौसाबाई खुर्चीत बसली. पहिले चार दिवस जुडी बघून झाली की ती सवयीनं थांबायची, कोणीतरी "उघड" म्हणेल म्हणून. कोणी म्हणायचं नाही. कधी एखादी जुडी हातात असताना पहिली वाटायची आणि खाली ठेवता ठेवता दुसरी. पूर्वी अशा वेळी उरलेल्या दोघी मोकळं करायच्या. आता मोकळं करायला कोणी नव्हतं. गळ्यात कार्ड होतं.

एकदा सुनेच्या, म्हणजे स्वातीच्या, वलांडीच्या जुड्या आल्या आणि हौसाबाई नेमानं पाणी प्यायला उठली. मितेश म्हणाला, "अरे मासी, बैठो ना. तुम्ही उठलात तर करणार कोण?" खरंच कोणी नव्हतं. ती बसली. हे बसणं लक्षात ठेवा.

जानेवारीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायला लागल्या. एका पाकिटात सोन्यासारखे बोंबील, दुसऱ्यात मळकट, आणि दोन्हींवर पट्टी एकच. मितेशला कळेना, बेस्ट माणूस असून असं का. म्हणून त्यानं तज्ज्ञ आणली.

तिचं नाव संपदा. आईवडील गिरगावची खोली विकून मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला आलेले, ही तिथंच वाढली. माणसं शिकतात कशी, निर्णय घेतात कसे, ह्यावर तिची डॉक्टरेट चालली होती, आणि अधूनमधून ती कंपन्यांसाठी माणसांच्या चाचण्या घ्यायची. तिनं ऐंशी जुड्यांच्या आत नंबराच्या चिठ्ठ्या लपवल्या. सकाळी ऐंशीच्या ऐंशी हौसाबाईला दाखवल्या. जेवणानंतर त्याच ऐंशी, क्रम बदलून, परत दाखवल्या. त्याच आहेत हे सांगितलं नाही. हौसाबाईला वाटलं, आज माल जास्त आलाय.

सतरा जुड्यांची प्रत सकाळी एक होती, दुपारी दुसरी.

त्या सतरांत सहा स्वातीच्या वलांडीच्या होत्या, आणि सहांतल्या पाच दुपारी दुसरीतून पहिलीत चढल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला. निवडीमध्ये पक्षपात आढळल्याने हौसाबाई यांचे काम तूर्त थांबवण्यात येत आहे, तज्ज्ञांचा अहवाल सोबत जोडला आहे. खाली आत्मारामची सही. अहवाल म्हणजे एक पान, त्यावर सतराचा आकडा लाल चौकटीत.

गावाला काय, एवढं पुरे. ज्यांच्या ज्यांच्या जुड्या गेल्या दोन महिन्यांत दुसरीत गेल्या होत्या त्या सगळ्यांची आठवण एका दुपारी तल्लख झाली. नळावर एकीनं स्वातीला विचारलं, "सासूनं तुजे कंचे कंचे वर चडवले गो?" स्वाती रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि सासूशी बोलेना.

हौसाबाई तडक सोसायटीत गेली. "आत्माराम, ही सही कोनाची?"

"माझीच वहिनी. पण मी नुसती केली."

"वाचून केलीस?"

"मितेशभाईंनी वाचलेला होता."

"चाळीस वर्सं माझ्या हातातून तुझ्या घरचे बोंबील गेले. तुझ्या आईचे गेले. कवा कोनाचा एक बोंबील मी इकडचा तिकडं केला? बोल. तुझ्या आईचे कितीदा दुसरीत टाकले, तवा तू रडत आलेलास इथं. तवा म्हनला न्हाईस पक्षपात?"

आत्मारामनं दाराकडे बघितलं, कोणी येऊन काही म्हणेल तर बरं म्हणून. कोणी आलं नाही.

हौसाबाई फळ्याजवळ गेली. तिला वाचता बेताचं येत होतं, पण आकडे पक्के होते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात काहीतरी होतं. तिनं त्यावर नख ठेवलं. "हे काय लिवलंय?"

"पान एक, पाचपैकी."

"बाकीची चार कुटं हायत?"

आत्माराम म्हणाला, "मितेशभाई म्हणाले, पहिल्यात सगळं आलंय."

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आत्मारामकडून संपदाचा पत्ता घेऊन, बस पकडून मीरा रोडला गेली. वॉचमनला हिंदीत पत्ता विचारून, त्यानं "किधर जाना है मच्छीवाली" म्हटल्यावर त्याला थोडं मराठीत ऐकवून, सिल्व्हर पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. संपदानं दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला अपराधीपणा म्हणतात.

"या मावशी. चहा ठेवते."

"चा नको. उरलेली चार पानं दे."

"ती... अहवाल क्लायंटचा असतो मावशी. मला असा देता येत नाही."

"माझी अब्रू कोनाची असते? ती कशी देता आली?"

संपदानं आतून टॅबलेट आणला. "आधी एक खेळ खेळाल? पाच मिनिटं. मग सांगते."

पडद्यावर दोन डबे होते, तांबडा आणि निळा. एकावर बोट ठेवलं की आकडा यायचा. जास्त आकडे देणारा डबा ओळखायचा आणि तोच दाबत राहायचा, मधूनच डब्यांची खोड बदलायची, तेही ओळखायचं. हौसाबाईनं दहाबारा दाबण्यांतच हेरलं की निळा बरा आहे. तरी मधेच तिचं बोट तांबड्यावर जायचं.

"आत्ता तांबडा का दाबलात?"

"बगावं म्हटलं, सुदरला का."

"खरंच?"

हौसाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. खोटं सांगून सुटता येईल अशी ही पोरगी नव्हती. "न्हाय. त्या टायमाला तांबडाच बरा वाटला. का वाटला ते ठावं न्हाय."

"सगळे असंच सांगतात. आधी कारण, मग खरं." संपदा पुढे सरकली. आता ती तिच्या घरच्या मैदानात होती. "आम्हीसुद्धा बरीच वर्षं हेच कारण लिहीत आलो. माणूस मुद्दाम दुसरा डबा तपासून बघतो म्हणायचो, चौकसपणा म्हणायचो. नीट मोजल्यावर दिसलं की त्यातला मोठा वाटा चौकसपणा नाहीच. मेंदू आतल्या आत जी बेरीज करतो तीच दर वेळी थोडी हलते. आम्ही नॉइज म्हणतो त्याला."

"माजा हात हलत न्हाय."

"हात नाही. डोळेही नाहीत. जुडी बघितली की पहिली प्रत कशी असते ह्याचं मनातलं माप थोडं सरकतं ना? शिकणं म्हणजे हे सरकणंच. ते सरकणं नेमकं होत नाही. कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी. त्यामुळे काठावरची जुडी सकाळी इकडे पडते, दुपारी तिकडे. कोणाचाही मेंदू घ्या. मी स्वतः पोरांचे पेपर दोनदा तपासून बघितलेत, विसातल्या पाचांचे मार्क बदलले."

"आणि स्वातीच्या जुड्या? त्या वर कशा चडल्या?"

"त्या सहाही काठावरच्या होत्या. पाच वर गेल्या, उद्या पाच खाली जातील. एवढ्या सहांवरून पक्षपात ठरवता येत नाही, असं मी लिहिलंय. चौथ्या पानावर. आणि उपायही लिहिलाय, एकाच माणसावर सोडू नका, दोनतीन जणांना एकमेकांचं न बघता ठरवू द्या. एकाची चूक वर गेली तर दुसऱ्याची खाली जाते, गोळाबेरीज सरळ होते."

हौसाबाईनं पदराच्या गाठीतून शिंपली काढून चहाच्या टेबलावर ठेवली, तळव्यानं झाकली, आणि तिघींची सतरंजी, "उघड", आपल्या घरच्या जुडीला उठून पाणी प्यायला जाणं, सगळं सांगितलं.

संपदाचं तोंड उघडंच राहिलं. "हे किती वर्षांपासून?"

"माज्या सासूच्या आदीपासून. त्या मितेशनं मोडलं. तुला बोलला न्हाय?"

"तो म्हणाला, पूर्वी इथं सिस्टीमच नव्हती."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं का म्हणाल, तर नाही. तिच्या डोळ्यांत शोधनिबंध आला. तिनं वही ओढली आणि विचारायला लागली, रोज किती जुड्या, शिंपली कुठल्या हाताखाली. हौसाबाईनं शिंपली उचलून पदरात टाकली.

"ते मंग लिव. आदी मना सांग, चौथं पान तुजं असून फळ्यावर का न्हाय? तू बगितलास ना कागद?"

"बघितला. मितेशनं फोटो पाठवला होता."

"मंग?"

"तो क्लायंट आहे मावशी," संपदा म्हणाली, आणि म्हणताना तिलाच ते कसं वाटलं ते तिच्या कानांच्या पाळ्यांवर दिसलं.

"त्याला गिऱ्हाईक म्हन की. आमीपन मासली इकतो. सडकी निगाली तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो." हौसाबाई उठली. "रविवारी सोसायटीची मीटिंग हाय. यायचं तर चार पानं घेऊन ये. न्हायतर वही बंद कर."

रविवारी सकाळी शेड भरली होती. गिरिजा मागच्या खांबाला टेकून उभी होती, काही संबंध नसल्यासारखी. मितेश फिरत्या खुर्चीत बसला होता. आत्माराम मधे. संपदा आली ती दहा मिनिटं उशिरा, आणि मितेशच्या शेजारी तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची सोडून दाराजवळ उभी राहिली. तिनं चौथं पान वाचलं. आवाज लागत नव्हता, पण ओळ गाळली नाही. कोणाचाही मेंदू, काठावरच्या जुड्या, सहांवरून काही ठरत नाही.

शेडमध्ये कुजबुज झाली. हौसाबाईनं मान वर केली. कागद लागल्यापासून पहिल्यांदा.

मितेशनं खुर्ची जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवली. तो मूर्ख नव्हता, हे त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

"ठीक आहे. मॅडम बोलतात तर बरोबर असेल. सगळ्यांचा मेंदू हलतो. लेकिन एक बात समजाओ." त्यानं फोन काढला. "नोव्हेंबरमध्ये दोनशे दहा जुड्या. संजना तेवीस चुकली, गिरिजामासी एकोणीस, हौसामासी फक्त सहा. म्हणजे हिचा मेंदू हलत नव्हता. सगळ्या गावानं बघितलंय. मग दोन महिन्यांत, स्वातीच्या जुड्या आल्यावरच कसा हलायला लागला? जो माणूस इतना पक्का होता, तो चुकत नाही. तो करतो."

आत्मारामनं मितेशकडे बघून मान हलवली. संपदा काही बोलायला गेली, पण त्या आठवड्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते दोघींना. एक खांबाला टेकून उभी होती आणि दोन महिन्यांत हौसाबाईशी एक शब्दही बोलली नव्हती. दुसरीच्या घशात तोच शब्द परत येऊन बसला होता, जो टेम्पोतून खुर्ची उतरताना तिनं गिळला होता. ज्या आकड्यानं तिला खुर्चीत बसवलं त्याच आकड्यानं तिला आता चोर ठरवलं होतं. सगळ्यांत हुशार राहायचं तर बेइमान व्हायला लागणार, आणि इमानदार ठरायचं तर ती हुशारी खोटी होती हे सांगायला लागणार. मधली जागा मितेशनं ठेवली नव्हती.

"सहा पडल्या," हौसाबाई म्हणाली. "त्या आटवड्यात सहाच पडल्या. त्याच्या आदल्या आटवड्यात किती पडल्या, ते इचारलंस?"

"किती?"

"आमी मोजत न्हाय."

"मी मोजलेल्या," गिरिजा खांबापासून बोलली. सगळी शेड मागे वळली. "सव्वीस. हिला चिडवायला मोजलेल्या. माज्या त्या आटवड्यात नऊ."

मितेश म्हणाला, "म्हणजे?"

"म्हंजे मी टॉप न्हवते," हौसाबाई म्हणाली. हे वाक्य तिनं जमिनीकडे बघून म्हटलं, पण आवाज खाली नेला नाही. "कोनीच न्हवती. तू आलास त्या आटवड्यात माजी बाजू लागली. दुसऱ्या आटवड्यात आला असतास तर खुर्चीत गिरिजा बसली असती आणि आज ती चोर ठरली असती. शिंपल्या तीन व्हत्या म्हनून कोनी चोर न्हवतं. मना हे तवापन ठावं व्हतं."

"तवा तोंड शिवलेलं तुजं?" गिरिजानं विचारलं. "माजी एकोनीस बोलून दाखवली त्यानं, सगल्यांपुडं. पोरं मना बाजारात एकोनीस म्हनतात. तवा माजी चूक व्हती. आता तुजी निगाली, तर मेंदू हलला?"

"व्हय."

"का न्हाय बोललीस?"

हौसाबाईनं मितेशच्या खालच्या त्या काळ्या वस्तूकडे हात केला. "ती फिरती व्हती ना गो."

कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. गिरिजा हसली नाही, पण तिनं नाक मुरडलं, आणि दोन महिने आपल्याला ह्याच मुरडण्याची इतकी आठवण येत होती हे हौसाबाईला तेव्हा कळलं.

मग हौसाबाई मितेशकडे वळली, आणि आता मात्र तिनं कोणाला सोडलं नाही. "तीन बायका एक काम करतात, म्हनून तुजा जीव वर आला. आमी टाल्या वाजवत न्हवतो रे. आमी एकमेकींच्या चुका खात व्हतो. तू दोगींना घालवलंस, माज्या एकटीच्या पदरात तिगींच्या चुका टाकल्यास, आणि वर कागद लावलास, ही चुकते! पाच पानांतलं एक लावलंस. बोंबलाचं पाकीट खिडकीचं करतोस, गिऱ्हाइकाला आतलं दिसावं म्हनून. कागदाला का न्हाय ठेवलीस खिडकी? आणि तू आत्माराम, सही करतोस आणि म्हनतोस नुसती केली. जीव दे नुसता."

आत्मारामनं तिथल्या तिथं कागद फाडला. तेही इतरांनी "फाड, फाड" म्हटल्यावर.

मितेशनं वाद घातला नाही. माल त्याला पाहिजे होता, आणि एव्हाना पाचही पानांचा अर्थ त्याला लागला होता. "ठीक आहे मासी, तिघी बसा. सोमवारपासून. एवढं काय?" असं म्हणून तो खुर्ची टेम्पोत टाकून भाईंदरला घेऊन गेला. माफीचा शब्द चारही भाषांत त्याला सापडला नाही.

राहिली संजना. हौसाबाई आणि गिरिजा दोघी मिळून शांती नगरात गेल्या. बसमध्ये एका बाकावर बसल्या. दुकानात संजना उभी होती, पायांत निळे मोजे, पुढे उलगडलेल्या साड्यांचा ढीग. घडी घालता घालता तिनं सगळं ऐकलं.

"न्हाय येत मावशी."

"का गो? कागद फाडला. तिगी बसायचं ठरलं."

"आज ठरलं. उद्या परत कोनी येऊन म्हनेल, तिगी कशाला. तुमी दोगी मोठ्या, तुमचं आज ना उद्या मिटतं. पहिली मीच उठते." तिनं साडीची घडी मालकाच्या नजरेला पडेल अशी नीट दाबली. "आणि तवा मीपन तिथंच उभी व्हते, मावशी. खुर्ची उतरली तवा. मीपन वाट बघितली, तुमी काय बोलता त्याची."

दोघी आल्या तशा बसनं परत आल्या.

सोमवारी सतरंजी पडली. तिसऱ्या जागी, कोणी मिळेपर्यंत म्हणून, आत्माराम बसला. पहिली जुडी फिरली. "उघड!" गिरिजाची उताणी. हौसाबाईची पालथी. आत्मारामचा हात अजून शिंपलीवरच होता.

"उचल की."

"उचलतो वहिनी. तुमचं काय पडलं ते बघत होतो."

त्या दिवशी एकशे चाळीस जुड्या झाल्या. आत्मारामची शिंपली एकदाही पडली नाही. मितेशच्या हिशेबानं तो टॉप ठरला असता.

तर आता जमाखर्च. मितेशला निवड परत मिळाली, तीच जी पहिल्या दिवशी फुकट मिळत होती, आणि एक खुर्ची भाईंदरच्या ऑफिसात कामाला आली. संपदाचा क्लायंट गेला आणि निबंध आला. त्यात पालीच्या शिंपल्यांवर दोन परिच्छेद आहेत, नावं नाहीत. आत्मारामचं एका सहीवर भागलं. हौसाबाईनं खुर्ची दिली, कार्ड दिलं, सगळ्यात हुशार असल्याचा दोन महिन्यांचा समज दिला, आणि बदल्यात नाव धुऊन घेतलं. सौदा बरा म्हणायचा. गिरिजाला तिची सतरंजी मिळाली, पण बाजारात पोरं अजून एकोणीस म्हणतात.

उरलेलं सगळं संजनानं भरलं. ती मीटिंगला आली नव्हती, तिची शिंपली कोणत्याच पानावर नव्हती, आणि शांती नगरात, सकाळी दहापासून, ती उभ्यानं भरतेय.